मुकादमीण घरी आली

आधीच सांगून ठेवतो, मले मांजरं आवडत नाईत. गावात कोनी म्हनते की शालिग्राम रोज मांजराले दूध पाजे. पाजे, नाई कोन म्हनते? पन माह्या च्याच्या हॉटेलात सकाळी थोडं पातळ दूध उरते, ते काय मी डोक्यावर ओतून घेऊ? दूध वेगळं अन् आवड वेगळी. अन् ही गोष्ट माही नाईच. ही गोष्ट आमच्या फकीर मोहम्मद पिंजाऱ्याची हाये, अन् ती सांगतानी आजही मले बसवत नाई, उठून उभं राहा लागते.

तवा आपला वऱ्हाड नागपूरच्या सरकाराले जोडलेला होता अन् वडनेर भोलजीच्या सडकेवर एका शेठजीची कापसातून सरकी काढायची जीन होती. दिवाळी झाली की आजूबाजूच्या गावायतून कापसाच्या गाड्या निघत, अन् उजाडता उजाडता जिनाच्या फाटकापासून पार नाल्यापर्यंत रांग लागे. बैलायच्या गळ्यातली घुंगरं, गाडीवानायच्या शिव्या, थंडीनं तोंडातून निघनारी वाफ, अन् सडकेच्या या बाजूले माही भट्टी! काय दिवस होते बाप्पा! च्या गाळता गाळता हात दुखे, पन गिऱ्हाईक हटत नसे.

जिनात रुई वेगळी होये अन् सरकी वेगळी. सरकीची मोठी वखार फाटकाजवळच होती, अन् सरकी आली की उंदरं आलेच. म्हनून शेठजीनं तिथं एक मांजर ठेवलं होतं. ठेवलं म्हनजे काय, हाकललं नाई एवढंच. पांढऱ्या आंगावर काळे ठिपके, एक कान फाटलेला, अन् चाल अशी की जिनातल्या बाया एकमेकीले म्हनत, "मुकादमीण आली व, हात चालवा!" तेच तिचं नाव पडलं. ही मुकादमीण कधी कोनाच्या मांडीवर बसली नाई, कधी कोनाच्या घरात तिनं पाय टाकला नाई. वखारीत निजे, वखारीत शिकार करे, अन् सकाळी एकदा सडक ओलांडून माह्या हॉटेलात दूध प्याले ये.

आता घ्या! भर हंगामात, भरल्या गाड्यायच्या तोंडासमोरून मांजर आडवं! पहिला गाडीवान कासरा ओढे, खाली थुंके अन् बसून राहे. आमच्यात कसं हाये, मांजर आडवं गेलं की आपन पुढं नाई जायचं. आधी दुसऱ्या कोनी ती जागा ओलांडायची, मंग आपन. अन् दुसरा तरी काऊन ओलांडीन? त्यालेही कापूस इकायचाच हाये. मांगचे वरडत, पुढचे हलत नसत. एकदा तं हिंमतराव पाटील माह्याच आंगावर आले. त्यायच्या गाड्या सगळ्यात पुढं रायत, म्हनून मांजर पहिले त्यायच्याच नशिबी ये.

"शालिग्राम, तुह्या दुधापाई माहा सौदा बुडून राह्यला!"

मी म्हनलं, "पाटील, मांजर तुमचा सौदा पाहाले नाई येत, दूध प्याले येते. डोळे मिटून घ्या न तुम्ही."

आमची अशी जुंपली होती अन् तेवढ्यात मांगच्या गल्लीतून फकीर मोहम्मद निघाला. उंच, वाळका मानूस, दाढीत कायम रुईचे तंतू, अन् खांद्यावर कापूस पिंजायची ती पुरुषभर लांबीची कमान. गावोगाव फिरून लोकायच्या गाद्या-रजया पिंजून दे. त्यानं इकडे पाह्यलं नाई न तिकडे, गाड्यायच्या समोरून सरळ सडक ओलांडून निघून गेला.

"गेला रे, गेला!" पाटील आनंदानं वरडले. "फकीरभाई पुढं गेला, हाना गाड्या!"

त्या दिवशी पाटलायले भाव चांगला लागला. झालं! दुसऱ्या दिवसापासून मांजर आडवं गेलं की सगळी रांग एका सुरात, "फकीरभाईले बलवा रे!" माह्या हॉटेलाच्या मांगंच त्याचं घर, तो आरामात बाहेर ये, सडक ओलांडे, अन् गाड्या चालू. मी एकदा त्याले इचारलं, "काऊन बे, लोकायचा अपशकुन आपल्या आंगावर घेतं, तुले भेव नाई वाटत?"

तो हासला. "शालिकभाऊ, आमच्यात मांजराचं असं काई नसते. अन् ती तं माह्या रस्त्यात रोजच आडवी जाते. काई व्हायचं असतं तं कवाच झालं असतं."

गाडीवानही काई फुकटे नवते. ज्याची गाडी त्याच्यामांगून फाटकात शिरे, तो मूठभर कापूस फकीरभाईच्या झोळीत टाके. मूठ मूठ करता झोळी भरे. घरी त्याची बायको, फातिमाभाभी, सरकी काढे अन् तो पिंजे. तो कापूस ते इकत नसत. पोरीचा, सायराचा, निकाह सुलतानपूरले ठरला होता, अन् पिंजाऱ्याची पोरगी सासरी जाते तं तिची गादी-रजई अशी पायजे की पाहनाऱ्यानं हात दाबावा अन् हात आपोआप वर यावा. गादी भरून झाली होती. रजई राह्यली होती, अन् तिचा कापूस या हंगामातच जमनार होता.

पाहा कशी गंमत हाये. मांजर सडक ओलांडे म्हनून सायराची रजई भरून राह्यली होती. मांजर नसतं तं त्याले कोन कापूस देत होतं?

इकडे मुकादमीण मात्र सोकावली. सुरवातीले ती सडकेच्या कडेले बसून आधी दोन्हीकडे पाहे. मंग तिच्या ध्यानात आलं की आपन निघालो की बैल जागच्या जागी उभे रायतात. मंग तिनं पाहानंच सोडलं. शेपूट वर, मान ताठ, सडक जशी हिच्या बापानं बांधली! चाक म्हनजे आपल्यासाठी थांबनारी वस्तू, असंच तिच्या डोक्यात बसलं. अन् ते बसवलं कोनी? आमीच सगळ्यायनं.

अन् शेठजीनं लारी आनली.

रुईच्या गाठी नांदुऱ्याच्या टेसनावर न्याले आधी गाड्याच होत्या. आता मोटारलारी! केवढी धूळ, केवढा तो भोंगा! बैल बुजत, एखादी गाडी नाल्यात उतरे, अन् लारी रांग-बिंग काई न पाहाता सगळ्यायच्या आधी फाटकात. गाडीवान दात-ओठ खात, पन करतीन काय? मांजर आडवं गेलं तं गाडीवान थांबे. लारी काऊन थांबीन?

व्हायचं तेच झालं. मी बशीत दूध ओतून राह्यलो होतो. भोंगा वाजला, एक किंकाळी आली, अन् मंग नुसती धूळ. लारी निघून गेली तवा मुकादमीण सडकेच्या कडेले पडली होती, मागचा एक पाय भलतीकडेच वळलेला. मी बशी टाकून धावलो. आवडत नाई म्हनून काय मरू द्यायचं? पन माह्या आधी फकीरभाई पोचला. त्यानं कमान खाली ठेवली, गळ्यातला रुमाल सोडला अन् तिले गुंडाळलं. तिनं त्याच्या मनगटाले कडकडून चावा घेतला. त्यानं हात सोडवलासुद्धा नाई.

"घे, अजून घे," तो म्हने, "पन चाल घरी."

घरी त्यानं बांबूच्या कामट्या तासल्या, तिच्या पायाले बांधल्या, अन् कामट्या टोचू नाई म्हनून आतून रुई लावली. कोनती रुई? सायराच्या रजईची, पिंजून ठेवलेली. फातिमाभाभी पाहातच राह्यली. अन् मंग त्यानं सांगून टाकलं, "ही आता सडकेवर नाई जानार. घरातच राहीन."

"घरात?" भाभीचा आवाज माह्या भट्टीपर्यंत आला. "ते वखारीचं जनावर घरात? अन् कापूस कोन देईन तुमाले? पिंजाऱ्याची पोरगी पातळ रजई घेऊन सासरी जाईन तं लोक तोंडात शेन घालतीन आपल्या!"

मी मधात पडलो. पडा लागते, शेजारी हावो. म्हनलं, "फकीरभाई, भाभी बरोबर बोलते. पाय बरा झाला की सोड तिले वखारीत. हंगाम निघून जाऊ दे, रजई होऊ दे, मंग ठेव घरात नाई तं डोक्यावर ठेव."

त्यानं माह्याकडे असं पाह्यलं की मले माहीच लाज वाटली. "शालिकभाऊ, ती आडवी गेली म्हनून मले कापूस भेटला. तिनं कधी हिस्सा मागतला? आता तिचा पाय गेला, अन् मी तिलेच पुन्हा चाकाखाली धाडू? रजईसाठी?"

आता अशा मानसाले काय सांगता? मी आपल्या भट्टीकडे आलो.

पन घरात राहानं म्हनजे काय, हे त्या मांजराले तरी कुठी ठाऊक होतं! बाप्पा, काय तमाशा! तीन पायावर उडी मारून शिक्यावर गेली अन् दह्याचं गाडगं खाली आनलं. फकीरभाईनं तिच्यासाठी टोपल्यात माती भरून ठेवली, तं ही त्या मातीत निजली अन् करायचं ते कोठीमांगं जाऊन केलं. भाभीनं झाडू उचलला की ती खाटेखाली, अन् फकीरभाई झाडू अन् खाट यायच्या मधात. "नवी हाये बिचारी, शिकीन," तो म्हने. "नवी सून आनली का तुम्ही?" भाभी म्हने.

मंग त्यानं डोकं लढवलं. जिनातून सरकीचं एक फाटकं पोतं मागून आनलं, चांगलं वखारीचा वास मारनारं, अन् कोपऱ्यात टाकलं. मुकादमीणीनं नाक लावलं, गोल फिरली, पुन्हा फिरली, अन् पसरली. फकीरभाई धावत माह्याकडे आला. पोरगं पास झाल्यावानी चेहरा! "शालिकभाऊ, निजली! घरात निजली!" मी च्या पाजला त्याले. पैसे नाई घेतले.

पन सकाळ झाली की मोठी पंचाईत. सडकेवर गाड्यायची घुंगरं वाजली की तिचे कान उभे. उठून दाराशी जाये, दार ओरबाडे, असा आवाज काढे की गल्लीतले कुत्रे पळून जात. तिची कामावर जायची वेळ झाली न! त्याच्यावरही फकीरभाईनं उपाय काढला. गाड्या यायच्या वेळी तो घरातच कमान वाजवाले बसे. टंव टंव टंव! त्या आवाजात घुंगरं बुडून जात. पहिल्यांदा ती भेवून कोठीवर चढली. मंग हळूहळू पोत्यावर आली. अन् मंग अशी सवय लागली की कमान वाजली की तिचे डोळे मिटत. पिंजाले कापूस नसे तं हा मानूस पिंजलेलीच रुई पुन्हा पिंजे. झोळी खुंटीवर रिकामी लटके. मांजरच आडवं जात नाई तं गाडीवान कशासाठी थांबतीन अन् कशासाठी मूठ देतीन? गाड्या सरळ फाटकात जात. "पीडा गेली," पाटील म्हनाले, अन् खुशीत दोन कप च्या प्याले.

"रोजी बुडवून मांजराले अंगाई वाजवते हा मानूस," भाभी माह्याजवळ कुरकुरे. पन मी डोळ्यानं पाह्यलं, दुधावरची साय ती बोटानं काढे अन् इकडे-तिकडे पाहून पोत्याजवळ ठेवे. तसं तिच्या तोंडावर बोललो असतो तं झाडू माह्या पाठीत बसला असता.

अन् एक दिवस मुकादमीणीनं तातच खाल्ली.

कमानीची दोरी, तात म्हनतात तिले, ती असते आतड्याची. पिंजारी लोक ती कधी खाली ठेवत नाईत, उंच खुंटीले टांगतात. पन फकीरभाई आता तिच्याजवळच कमान वाजवे, अन् वाजवून झाली की तिथंच भिंतीले टेकवून ठेवे. पिंजाऱ्याच्या जातीत जन्मून एवढी चूक! सकाळी पाहाते तं कमान नुसता वाकडा बांबू, अन् मुकादमीण मिशा चाटत बसलेली. भाभीनं कपाळाले हात लावला. "आधी रुई गेली, मंग कापूस गेला, आता तातही गेली. आता मले खाऊ दे, म्हनजे पोट भरीन तिचं!" फकीरभाईनं कमान खांद्यावर टाकली अन् नवी तात आनाले गावातल्या खाटकाकडे निघाला.

अन् घुंगरं वाजाले लागली. त्या दिवशी कमान बंद! घरात चिडीचूप, बाहेर घुंगरंच घुंगरं. अन् भाभीनं धुन्याचं पानी टाकाले दार उघडलं.

मी भट्टीसमोर उभा होतो. हिंमतराव पाटलाची गाडी अगदी पुढं, त्यायच्या मांगं सगळी रांग. गल्लीतून भाभीचा आवाज आला, "अवं पळाली, पळाली! पकडा कोनी!" अन् पांढरं-काळं काईतरी माह्या पायाजवळून गेलं. एक पाय लचकत, पन शेपूट तीच वर, मान तीच ताठ. तिकडून नांदुऱ्याच्या बाजूनं भोंगा!

"लारी! लारी!" रांग वरडली. मी वरडलो. काय वरडलो मले आठवत नाई, पन घसा बसला माहा. मुकादमीण सडकेच्या मधोमध, अन् तिनं मान वळवूनसुद्धा पाह्यलं नाई. भोंगा वाजतच राह्यला. पाटील गाडीवर उभे झाले. कोनाची हिंमत होते सांगा, त्या राक्षसासमोर जायची?

फकीर मोहम्मद गेला. कुठून आला ते कोनालेच दिसलं नाई. मांजर अन् लारी यायच्या मधात उभा, अन् ती लांबच्या लांब कमान दोन्ही हातात आडवी धरलेली. तात नाई, काई नाई, नुसता बांबू! डोळे मिटले नाई त्यानं. लारीचे ब्रेक असे किंचाळले की बैल उधळले. धूळ उडाली, अन् आमाले कोनालेच काई दिसेना.

धूळ बसली तवा लारीचं नाक कमानीपासून हातभर लांब होतं. डायवर खिडकीतून अर्धा बाहेर. "मरना है क्या बे?"

फकीरभाईले दम लागला होता, पन आवाज खनखनीत. "पहले वो जायेगी. फिर तू."

काय सांगू तुमाले! सडकेवर एकच गलका उठला. "थांबली! लारी थांबली!" ज्या लारीनं हंगामभर यायच्या आंगावर धूळ उडवली, रांग मोडली, बैल बुजवले, ती लारी एका पिंजाऱ्यानं बांबूवर थांबवली. गाडीवान गाड्यायवरून उड्या मारून खाली आले. टोप्या उडाल्या. पाटील, अहो पाटील, नाचले! मी भट्टीवरचं भांडं पालथं केलं, च्या सगळा विस्तवावर, अन् मले त्याचं काईच वाटलं नाई.

अन् जिच्यासाठी हे सगळं झालं, ती सडकेवर बसून पंजा चाटून राह्यली होती.

फकीरभाईनं तिले उचललं नाई. मले वाटलं आता पकडीन, बगलेत मारीन, घरी नेईन. पन तो हळूच म्हने, "जाय बाई. वखारीत जायचं तं जाय. दूध प्याचं तं पी. मी काई दार ओरबाडाले लावनार नाई तुले आता." सगळा गलका बंद झाला. तिकडे वखार, इकडे मी, माह्या हातात दुधाची बशी. हाव, मी बशी पुढं केली होती, खोटं काऊन बोलू? तिनं वखारीकडे पाह्यलं. माह्या बशीकडे पाह्यलं. अन् उठली, लचकत लचकत फकीरभाईच्या पायासमोरून आडवी गेली, अन् गल्लीकडे चालाले लागली.

अन् जो मानूस आजपर्यंत मांजर आडवं गेलं म्हनून कधी थांबला नवता, तो थांबला. तिले पुढं जाऊ दिलं. मंग कमान खांद्यावर टाकली अन् तिच्या मांगं मांगं गेला. लारीकडे, आमच्याकडे, कोनाकडेच पाह्यलं नाई त्यानं.

पाटील भानावर आले. "अरे, पाहाता काय? काढा कापूस!" आता मूठ नाई, कवळ! ज्यानं त्यानं आपल्या गाडीतून दोन्ही हातात मावीन एवढा कापूस काढला. वरडत, गात, एकमेकाले ढकलत सगळी वरात गल्लीत शिरली, सगळ्यात पुढं पाटील, अन् मी च्याची नवी किटली घेऊन. "फकीरभाई! ओ फकीरभाई! बाहेर ये!"

दार उघडंच होतं. फकीर मोहम्मद दारात आला. डोळे लाल झालेले, दाढीत धूळ. त्यानं ओठावर बोट ठेवलं.

"हळू बोला," तो म्हने. "आताच निजली."

आमी आत डोकावून पाह्यलं. खुंटीवर रिकामी झोळी, भिंतीले बिनतातेची कमान. तिकडे सडकेवर बैलायची घुंगरं अजून वाजतच होती, दार सताड उघडं होतं, अन् मुकादमीण पोत्यावर पाय पसरून निजली होती. फातिमाभाभी तिच्याजवळ बसली होती, अन् तिनं माश्या हाकलाले पदर हातात धरला होता.

मंग त्या गाडीवानायनं, ज्यायच्या शिव्या पार नाल्यापर्यंत ऐकू येत, दाराशी वहाना काढल्या. एकेक जन वाकून आत गेला, कापूस हळूच जमिनीवर ठेवला अन् पाठमोरा न होता बाहेर आला. पाटलायले खोकला आला तं त्यायनं उपरन्याचा बोळा तोंडात कोंबला.